पाटी सांगायचा खेळ

रविवार, ८ नोव्हेंबर १९९८

आज पाटी दिसली न्हाय. हळदी गावाच्या अलीकडची, निळी, एवढी मोठी. ज्या रस्त्यानं मी अकरा वर्षं एसटी नेली त्या रस्त्यावरची. पाटी आली आणि गेली, मला नुसता निळा ठिपका दिसला. अक्षरं कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसल्यागत.

कुणाला कळलं न्हाय. मागं बावीस पोरं गाणी म्हणत हुती, वर्षाराणी मॅडम टाळ्या वाजवत हुत्या. मंडळाचं शिबिर आजपासनं सुरू झालं. दर रविवारी सकाळी सहाला राजारामपुरीच्या मैदानातनं पोरं भरायची, राधानगरीजवळ मंडळानं जागा घेतलीया तिथं न्यायची – पोहायला, दोरावर चढायला, पाखरं बघायला – आणि दिवस मावळायच्या आत ज्याचं त्याला घरी पोचवायचं. निम्मी पोरं जैनांची, दिवस मावळल्यावर जेवत न्हाईत, त्यामुळं उशीर करून चालत न्हाय. फेब्रुवारीपर्यंत असं. मिनीबस मंडळाची, डायव्हर मी.

मी रिटायर झालो तवा मंडळाचे श्रेणिकशेठ स्वतः घरी आलते. म्हणाले, "रामलिंगआप्पा, पोरांची गाडी हाय. दुसऱ्या कुणाच्या हातात देणार न्हाय." त्या दिवशी छाती फुगली हुती, खोटं कशाला लिहू.

एसटीत एकतीस वर्षं काढली. माणूस सोडा, माझ्या चाकाखाली कुत्रं मेलं न्हाय.

काचेवर धूळ असंल. उद्या पुसतो.

मंगळवार, १० नोव्हेंबर

काच पुसली. आतनं, बाहेरनं. साबण लावून.

काच साफच हुती.

रविवार, १५ नोव्हेंबर

आज एक खेळ काढला. डायव्हरच्या शेजारची सीट म्हणजे पोरांना सिंहासन, त्यावरनं दर खेपेला भांडण. आज तिथं गुंडू बसलता – दूधवाल्या आकारामचा नातू, बारा वर्षांचा, गोल गरगरीत. त्याला म्हटलं, "पाटी सांगायचा खेळ खेळतोस काय? जी पाटी येईल ती मोठ्यानं वाचायची. रस्त्यावर पुढं काय हाय तेबी सांगायचं. गाडी, बैल, म्हस, माणूस. चुकलास तर गुण कापणार."

पोरगं खूश झालं. पण त्याच्याच्यानं काम हुईना. "थांबा आप्पा, लांब हाय अजून." "जवळ आल्यावर सांगतो." "बैलगाडी असंल न्हायतर ट्रॅक्टर, नक्की कळंना." अरे लेका, जवळ आल्यावर मलाबी दिसतंय की. मला लांबचं पायजे.

मागनं वर्षाराणी मॅडम म्हणाल्या, "आप्पा, किती छान खेळ काढलात. मुलांचं लक्ष रस्त्यावर राहतं." चांगली बाई. पोरांना पोटच्यागत जपती, जोड्या लावून मोजती, खिडकीतनं हात बाहेर काढला की गाडी थांबवायला लावती. मी नुसता हसलो. हसलो आणि माझंच मला कसंसं झालं.

बुधवार, १८ नोव्हेंबर

गडहिंग्लजला जाऊन आलो. शांताला सांगितलं, पावण्यांच्यात बारसं हाय. राजारामपुरीत पावलापावलाला दवाखाना हाय, पण तिथला एकेक डॉक्टर श्रेणिकशेठच्या ओळखीचा. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं.

डॉक्टर तरणाच हुता. डोळ्यात औषध घालून तासभर बसवलं, मग बॅटरी मारून बघितलं. म्हणाला, "डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. उजव्याचा मागचा पडदा साखरेनं खराब झालाय. किती वर्षं आहे साखर?"

"बारा."

"गोळ्या रोज घेता?"

"आठवण आली की."

त्यानं पेन खाली ठेवलं. "डाव्याचं ऑपरेशन करता येईल, पण साखर खाली आल्याशिवाय मी हात लावणार नाही. उजवा गेलाय तो गेलाय. काम काय करता?"

"एसटीत डायव्हर हुतो."

"आता?"

"रिटायर झालो."

"मग ठीक. गाडीला हात लावू नका. सायकलसुद्धा नको."

मी बोललो त्यातला एक शब्द खोटा न्हाय. एसटीत डायव्हर हुतो – खरं. रिटायर झालो – खरं. तरी परत येताना तोंड कडू जहर झालतं. गाडीत डायव्हरच्या पाठीमागं बसलो. तरणा पोरगा हुता, तिशीचा असंल. त्याचं लक्ष कुठल्या कुठं पुढं! समोरच्या वळणावर काय येतंय ते मला दिसायच्या आधी त्याचा पाय ब्रेकवर जायचा. मीबी असाच हुतो. असाच.

शांतानं विचारलं, पोराचं नाव काय ठेवलं? सांगितलं, बसवराज.

रविवार, २२ नोव्हेंबर

गुंडूला मागं पाठवला. पुढं आदितीला बसवली.

आदिती म्हणजे सातव्या गल्लीतल्या कापडवाल्या जैनांची पोरगी. अकरा वर्षांची, दोन वेण्या, काडीपैलवान, पण आवाज असा खणखणीत की हॉर्नची गरज न्हाय. आणि काय हुशार! पाटी यायच्या आत तोंडात उत्तर. "हळदी चार किलोमीटर!" "वळण येतंय आप्पा!" "आता भोगावती!" विचारायचा अवकाश. अडखळत न्हाय, थांबा म्हणत न्हाय. लक्ष एवढं की काचेला नाक लावूनच बसती. मी विचारलं, "रस्ता मोकळा हाय?" लगेच, "मोकळा आहे आप्पा, चला बिनधास्त."

आजच्या दिवसात एकदाबी काळजात धस्स झालं न्हाय.

उतरताना गुंडू जवळ आला. तोंड एवढंसं करून म्हणाला, "आप्पा, माझं काय चुकलं?"

म्हटलं, "काय चुकलं न्हाय रे. तू लई वेळ लावतोस."

रविवार, २९ नोव्हेंबर

गेलो, आलो. बावीसच्या बावीस पोरं घरात. आदिती पुढं.

हे असंच जमून जाईल. दहा-अकरा तर रविवार राहिल्यात.

शुक्रवार, ४ डिसेंबर

आज मंडळात मीटिंग हुती. पेपरात कुठल्यातरी सहलीच्या गाडीचा अपघात आलाय, पालक घाबरल्यात. वर्षाराणी मॅडमनी यादीच लिहून आणलती. आईबापाच्या सहीचं पत्र. औषधाची पेटी. सीट तेवढीच पोरं. टायर महिन्याला दाखवायची. मी सगळ्याला मान डोलवत हुतो. आणि मग शेवटचं – डायव्हरच्या डोळ्यांचा डॉक्टरचा दाखला.

आता सगळ्यांना कळणार. आणि खरं सांगू? एका अंगानं बरंबी वाटलं. म्हटलं, सुटलो. आता आपोआप हुईल. मला काय बोलायला नको, कागदच बोलंल.

तेवढ्यात श्रेणिकशेठ खवळले. "आप्पांकडं दाखला मागायचा? मॅडम, तुमी नव्या हाईसा, तुमाला म्हाईत न्हाय. माझे वडील राधानगरीला दुकानाला जायचे तवा आप्पांची गाडी असंल तरच चढायचे. न्हायतर दुसऱ्या गाडीची वाट बघायचे. त्या माणसाकडं आमी कागद मागायचा? उद्या देवाकडं जातीचा दाखला मागशीला."

सगळे हसले. मॅडम लाल झाल्या. उठून मला नमस्कार केला, "आप्पा, राग मानू नका, तुमच्यासाठी नव्हतं ते."

अगदी त्या क्षणाला बोलायला पायजे हुतं. "मॅडमचं बरोबर हाय शेठ, नियम तो नियम" – एवढं एक वाक्य. जीभ उचलली न्हाय. वर म्हटलं काय, तर "असू द्या मॅडम, पोरांच्या काळजीनंच बोललासा की."

मोठेपणा मिळाला आणि तो घेऊन घरी आलो. चोरासारखा.

रविवार, ६ डिसेंबर

गेलो, आलो.

रविवार, १३ डिसेंबर

आज कौलवच्या पुढं एक म्हातारी रस्ता ओलांडत हुती. मला दिसली ती अगदी बोनेटजवळ. आदिती काय बोलली न्हाय. विचारलं, "म्हातारी दिसली न्हाय काय गं?" म्हणाली, "दिसली की. मला वाटलं थांबणार ती."

लहान हाय पोर. तिला काय कळतंय, म्हाताऱ्या माणसाचं पाऊल एकदा पडलं की मागं येत न्हाय.

गुरुवार, १७ डिसेंबर

आज सकाळी शांतानं गडहिंग्लजला घातलेला ठेवणीतला शर्ट धुवायला काढला आणि खिशात डॉक्टरचा कागद घावला. तिला इंग्रजी येत न्हाय पण डोळ्याचं चित्र कळतंय. चित्रावर डॉक्टरनं दोन फुल्या मारलेल्या.

माझ्यासमोर येऊन बसली. हळू आवाजात म्हणाली – ओरडली असती तर बरं झालं असतं – "हेच काय बारसं?"

सगळं सांगितलं. चाळीस वर्षांच्या संसारात मी एवढं एका दमात कधी बोललो न्हाय.

ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि गाडी कशी चालवतासा?"

म्हटलं, "आदिती हाय की पुढं. पोरगी गरुडागत हाय. ती सांगती."

"अकरा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यानं बावीस पोरांची गाडी चालवतासा?"

"रस्ता पाठ हाय मला. फेब्रुवारीपर्यंतच. शिबिर संपलं की किल्ली देतो."

"फेब्रुवारी तुमच्या गाडीला म्हाईत हाय काय? आपला मृत्युंजय त्या वयाचा असता आणि त्या गाडीत असता, तर बसवला असता?"

मला राग आला. खरं बोलणाऱ्याचाच येतो. म्हटलं, "तू गप बस, तुला गाडीतलं काय कळतंय?" ती उठली. जाताना म्हणाली, "सुंभ जळतोय तरी पीळ जाईना."

सकाळपासनं बोलणं बंद. ताट वाढती आणि आत जाती. तिनं शेठना सांगितलं तर? न्हाय सांगणार. नवऱ्याची अब्रू बाहेर काढणारी बाई न्हाय ती. आणि मी त्याचाच फायदा घेतोय, मला कळत न्हाय असं न्हाय.

का सुटत न्हाय माझ्याच्यानं? त्या म्हातारीपासनं चार दिवस विचार करतोय. पैशाचं न्हाय – पेन्शनीत दोघांचं भागतंय, मृत्युंजय पुण्यासनं पाठवतोय. खाकी कापडं घालून सहाला मैदानात उभं राहिलं की बावीस पोरं "आप्पा आले" करून पळत येत्यात. आईबाप माझ्या हातात पोराचा हात देऊन निर्धास्त घरी जात्यात. एवढंच हाय ते. आठवड्यातले सहा दिवस मी खुर्चीतला म्हातारा. रविवारी मी डायव्हर.

रविवार, २० डिसेंबर

दुपारपासनं तीनदा वही उघडली आणि मिटली.

सकाळी धुकं हुतं. भोगावतीच्या बाजूला नदीमुळं जास्तच. कारखान्याचा हंगाम जोरात, रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रॉल्या. एकालाबी मागं लाल दिवा न्हाय. म्हणून गाडी हळूच हुती, चाळीसच्या आत. ते एक देवानंच केलं.

पोरं मागं निम्मी झोपेत. आदितीला विचारलं, "पुढं मोकळं हाय काय गं?"

"मोकळंच आहे आप्पा."

मी पाय जरा दाबला. आणि चाकाखाली कडकड वाजलं. उसाच्या कांड्या. एक, दोन, मग ओळीनं कडाडकड. एकतीस वर्षांचा पाय हाय – डोक्याला कळायच्या आत ब्रेकवर गेला. रस्त्यावर एवढा ऊस सांडलाय म्हणजे ज्यातनं सांडला ते पुढंच कुठंतरी हाय.

हुतंच. ट्रॉली. भरलेली, डोंगराएवढी, मधोमध उभी. चाक काढून जॅक लावलेला. माझ्या बोनेटात आणि तिच्यात दोन हात जागा राहिली. ट्रॉलीखालनं एक माणूस सरपटत बाहेर आला. चाक बसवत हुता तो. खाली झोपून.

माझ्यावर ओरडला, "डोळं हाईत का भोकं?"

एवढा एकच माणूस आज माझ्याशी खरं बोलला.

कारण बाकीच्यांनी काय केलं? वर्षाराणी मॅडम पुढं आल्या, डोळ्यात पाणी, "आप्पा, तुमच्याजागी दुसरा कोणी असता तर आज..." पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या.

आदितीचं कपाळ काचेवर आपटलं. टेंगूळ आलं, रक्त न्हाय. मॅडमनी पेटीतला कापूस लावला. पोरगी रडत हुती, पण दुखतंय म्हणून न्हाय. माझ्याकडं बघून म्हणाली, "आप्पा, माझं चुकलं. माझे गुण जाणार का?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, "न्हाय बाळ. तुझं काय चुकलं न्हाय. धुकं हुतं."

गाडी तिथनंच माघारी वळवली. वीसच्या वर काटा जाऊ दिला न्हाय. पुढच्या सीटवर कुणालाच बसवलं न्हाय.

सोमवार, २१ डिसेंबर

आदितीच्या आईनं डबा पाठवला. शेंगदाण्याचे लाडू. सोबत चिठ्ठी – आप्पा, तुमच्यामुळं आमची लेक वाचली.

शांतानं डबा माझ्यासमोर ठेवला. मी एकबी लाडू खाल्ला न्हाय, तिनंबी न्हाय. शेजारच्या विठाबाईच्या नातवंडांना देऊन टाकला.

रविवार, २७ डिसेंबर

अंगात ताप हाय असा निरोप पाठवला. दुसरा डायव्हर न्हाय म्हणून शिबिर रद्द झालं. पोरं मैदानात येऊन, पिशव्या पाठीला लावून, परत घरी गेली म्हणे.

ताप नव्हता.

शुक्रवार, १ जानेवारी १९९९

किल्ली दिली.

सकाळी अंघोळ केली, लिंगपूजा केली, खाकी न घालता धोतर नेसलो आणि श्रेणिकशेठच्या पेढीवर गेलो. वाटेत घोकत गेलतो – शेठ, मला दिसत न्हाय, दोन महिनं झाले दिसत न्हाय, मी तुमच्यापासनं लपवलं. पेढीवर गर्दी हुती. शेठनी उठून खुर्ची दिली, चहा सांगितला, गिऱ्हाइकांना म्हणाले, "हे आमचे आप्पा, परवा बावीस पोरं वाचवली ह्या माणसानं." सगळी माझ्याकडं बघायला लागली.

आणि मी म्हटलं, "शेठ, आता गुडघे साथ देईनात. क्लच दाबवत न्हाय."

गुडघे. माझे गुडघे पंचविशीतल्या पोराचे हाईत.

शेठ हळहळले, किल्ली कपाळाला लावली, म्हणाले, "आप्पा, असं गुपचूप जाऊ देणार न्हाय तुमाला." मला तिथनं कधी सुटतोय असं झालतं.

घरी येऊन शांताला सांगितलं, दिली किल्ली. तिनं देवापुढं साखर ठेवली. पंधरा दिवसांनी माझ्याशी बोलली. "चला, जेवा." त्या दोन शब्दांवर मला रडू आलं. म्हाताऱ्यानं रडायचं म्हणजे लई वंगाळ दिसतंय, पण आलं.

गुडघ्याचं तिला सांगितलं न्हाय.

रविवार, १० जानेवारी

सत्कार. शाल, नारळ, फेटा. फळ्यावर खडूनं लिहिलेलं – मॅडमनी वाचून दाखवलं – "सुरक्षित प्रवासाचे शिल्पकार." पालक मिळून पन्नास-साठ माणसं हुती. श्रेणिकशेठ बोलले, मॅडम बोलल्या. पोरं एकेक करून पाया पडली. आदितीच्या कपाळावरचं टेंगूळ उतरलंय. गुंडू पाया पडला आणि म्हणाला, "आप्पा, तुमी जाऊ नका की." ज्याला मी मागं पाठवलं त्यो.

मला दोन शब्द बोला म्हणाले. उठलो. समोर सगळे चेहरे पांढुरके, धुक्यातल्यागत. म्हटलं, "पोरांना जपा." आणि बसलो. लई टाळ्या पडल्या.

नवा डायव्हर जोतीराम आलता. चौतीस वर्षांचा, चंदगडकडचा, घाटात वडाप चालवलेला. वडाप म्हटल्यावर मी नाक मुरडलं हुतं – एका जीपमध्ये वीस माणसं कोंबणारी जात ती. पण मॅडम सांगत हुत्या, आल्या आल्या त्यानं विचारलं, "डोळं तपासून कुणाकडं दाखला आणायचा?" आपणहून. आणि दुसरं म्हणजे पुढच्या सीटवर पोरगं बसवायचं न्हाय. "ब्रेक लागला तर पोर काचेवर जातंय, ती जागा मोठ्या माणसाची." मॅडम आता स्वतः पुढं बसणार.

मला आवडला पोरगा. सांगितलं न्हाय तसं.

बुधवार, १३ जानेवारी

डोळ्याचं औषध सुरू केलंय. साखरेच्या गोळ्याबी, वेळेवर. शांता समोर उभी राहून गिळायला लावती. उद्या संक्रांत, तिळगूळसुद्धा चाटवणार न्हाय म्हणती.

बसून बसून हिशेब करतोय मनाशी. ८ नोव्हेंबरपासनं २० डिसेंबरपर्यंत सात रविवार. मी केलं ते वाईटच, त्याला दुसरा शब्द न्हाय. लपवलं, खोटं बोललो, वर फेटा बांधून घेतला. पण एक गोष्ट मनाशी धरून हाय, ती सोडली तर मला जेवण जाणार न्हाय. शेवटच्या पाच रविवारी माझं डोळं नव्हतं, पण गाडीला डोळं हुतं. आदितीचं. मी पूर्ण आंधळेपणानं पोरं नेली न्हाईत. त्या पोरीनं बघितलं, मी चालवली. ट्रॉलीच्या दिवशी धुकं नडलं, ते कुणालाबी नडलं असतं.

अकरा वर्षांच्या पोरीवर केवढा भार टाकला मी, आणि तिनं तो उचलला. मोठी झाली की कधीतरी तिला सांगीन. म्हणीन, पोरी, त्या पाच रविवारी बावीस पोरं तू नेऊन आणलीस.

रविवार, २४ जानेवारी

दुपारी सातव्या गल्लीच्या तोंडाला आदिती भेटली. आईबरोबर हुती. आवाजावरनं ओळखली. जवळ आली तवा दिसलं – डोळ्यावर चष्मा, काचा जाडच्या जाड.

आई म्हणाली, "शाळेत तपासणी झाली, आप्पा. दोन वर्षांपासनं हिला फळा दिसत नव्हता. पहिल्या बाकावर बसून पाठ करून वेळ मारून न्यायची, आम्हाला पत्ताच नाही. चार हाताच्या पुढचं सगळं धूसर म्हणाले डॉक्टर."

मी म्हटलं, "मग गाडीत पाट्या कशा सांगायचीस गं?"

"पाठ होत्या की. राधानगरी माझं आजोळ आहे ना."

"आणि रस्ता मोकळा हाय म्हणायचीस ते?"

पोरगी हसली. "ते असंच म्हणायचे. तुम्ही तर बघतच होता की, आप्पा. चुकलं असतं तर तुम्ही सांगितलंच असतंत."